ग्रुपवर टाका

ऑगस्टच्या अखेरीस रोवणी आटोपते, धान फुटव्यावर येतं, आणि भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरच्या आसपासच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो हमखास येतो. चिखलानं माखलेली दोन बोटं, त्यांत धरलेला फुटवा आणि मधल्या पानाची कांद्याच्या पातीसारखी झालेली पांढुरकी नळी. खाली प्रश्न : ‘हे का होय जी?’ पाच मिनिटांत कुणीतरी लिहितो, ‘गादमाशी’. दुसरा लिहितो, ‘पोंगा पडला’. तिसरा औषधाच्या डब्याचा फोटो टाकतो. त्यावर चार अंगठे येतात. मग कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा केक येतो आणि प्रश्न वर सरकत दिसेनासा होतो.

‘लोक आता गुगल सोडून सोशल मीडियावर उत्तरं शोधतात का?’ ही चर्चा जगात २०२२च्या जुलैपासून जोरात आहे. गुगलचेच एक वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन तेव्हा जाहीरपणे म्हणाले होते, की जेवायला कुठं जायचं हे ठरवताना जवळजवळ ४० टक्के तरुण गुगलकडे न जाता टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम उघडतात. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० मध्येच बंद झालं होतं, पण रील्सनं ती जागा महिन्याभरातच घेतली. त्यामुळे ही चर्चा आपल्याकडेही जशीच्या तशी उचलली गेली. माझं म्हणणं असं, की शहापूरसारख्या गावाला ती लागूच पडत नाही. सोडायला आधी धरलेलं असावं लागतं. इथला शेतकरी धानाचा प्रश्न घेऊन गुगलकडे कधी गेलाच नव्हता. तो कृषी केंद्राच्या बाकड्यावर विचारायचा, धुऱ्यावर भेटलेल्या शेजाऱ्याला विचारायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बाकड्यावरचा माणूस थेट ग्रुपवर आला. मधली पायरी गाळूनच.

ती गाळली याचा दोष त्याचा नाही. ‘शहापूर’ एवढंच टाकून बघा. ठाणे जिल्ह्यातला तालुका समोर येतो, बेळगावचं शहापूर येतं, कर्नाटकात यादगीरकडेही एक आहे. नागपूर–भंडारा रस्त्यावरचं आपलं गाव त्या गर्दीत मागं उभं. धानाच्या किडीबद्दल मराठीत विचारलं, तर बातमीच्या संकेतस्थळांवरचे एकमेकांतून उचललेले लेख मिळतात. त्यांत पहिले तीन परिच्छेद ‘शेतकरी मित्रांनो’ आणि शेवटी ‘येथे क्लिक करा’. सरकारी योजनेबद्दल विचारलं तर याहून वाईट. शोधयंत्र मराठीतून हसतमुखानं स्वागत करतं, पण आत वाढायला फारसं काही नसतं.

गंमत म्हणजे गुगल उभं राहिलं तेच माणसांच्या शिफारशीवर. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जी युक्ती लढवली तिचं सार असं : एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात आणि ती बोट दाखवणारी स्वतः किती वजनदार आहेत, हे मोजा. माणसं उघड्यावर लिहीत होती, एकमेकांना दुवे देत होती, तोवर हे छान चाललं. मग जाणकार बोलणं बंद खोल्यांत गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्यामुळे पोंग्याची ओळख सांगणारा एखादा जुना शेतकरी कुठल्याच शोधयंत्राला दिसत नाही. इंग्रजीत उघड्यावर गप्पा मारणारे अजून उरलेत, म्हणून २०२४ मध्ये गुगलनं रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाशी तिथल्या मजकुरासाठी करार केला. मराठीत असा करार करायला उघडा मजकूरच तुटपुंजा.

ग्रुपला नावं ठेवण्याआधी त्याचं बळ मान्य केलं पाहिजे. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी शेजारच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. ज्याचा भाऊ त्या पाळीला होता त्यानं त्या क्षणी शोधयंत्राला काय विचारायचं? ज्या गोष्टीबद्दल अजून कुणी काही लिहिलेलंच नाही, ती शोधयंत्राला ठाऊक नसते. गेटवर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला ठाऊक असते. अशा वेळी माहितीपेक्षा ती देणारा कोण, यालाच वजन.

पण हीच ओळख घातही करते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या वेळी घराघरांत पोचले होते. पाठवणारे ओळखीचे होते म्हणूनच ते खरे वाटले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्यानं वेग कमी होतो, खरंखोटं ठरत नाही.

पोंग्याचंच घ्या. नळी दिसू लागते तेव्हा आतल्या गादमाशीच्या अळीचं काम झालेलं असतं. त्या फुटव्याला आता लोंबी येणार नाही, कितीही फवारा. बांधीत फिरून किती फुटवे गेलेत ते मोजायचं आणि मग ठरवायचं, हे खरं उत्तर. ते ग्रुपवर येतही असेल, पण डब्याच्या फोटोपुढे टिकत नाही, कारण डब्यामागे दुकान आहे आणि मोजण्यामागे कुणी नाही.

शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे ज्ञान पसरतं याचं झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातलं, सर्वांत मोठं उदाहरण इंटरनेटच्या आधीचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, वर्षानुवर्षं निवडून त्यांनी बारीक तांदळाचं वाण तयार केलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं आणि बियाणं हातोहात दूरवर पोचलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केलं. आपलं श्रेय गेलं, ही दादाजींची तक्रार २०१८ मध्ये ते जाईपर्यंत राहिली. बियाणं हजारो बांध्यांत पोचलं, पण ज्यानं ते घडवलं त्याचं नाव बहुतेक ठिकाणी सोबत गेलं नाही. तरी बियाणं पेरून पाहता येतं, खोटं असेल तर एका हंगामात कळतं. फॉरवर्डला तीही सोय नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी बोलत नाही. ग्रुपवर विचारायचं म्हणजे गावासमोर विचारायचं. कर्ज थकलंय, पाळी दोन महिने आली नाही, नवरा मारतो, डोक्यात नको ते विचार येतात, यांतलं काय ‘शहापूर मित्रमंडळ’ छाप ग्रुपवर टाकता येईल? सासरचे तीन जण ज्या ग्रुपात आहेत तिथं सुनेनं काय विचारावं? शोधयंत्राच्या त्या रिकाम्या चौकटीनं पहिल्यांदा असं काही दिलं, जे बाकड्यानं कधी दिलं नव्हतं : तोंड न दाखवता विचारण्याची मुभा. जात, घर, आडनाव कुणी विचारत नाही. कंपनी नोंद ठेवते हे खरं, पण कंपनी चावडीवर बसत नाही. म्हणून शोधयंत्र मागं पडतंय याचा आनंद मला होत नाही. बाईमाणसाचं त्यात जास्त नुकसान आहे.

आता बोलकी यंत्रं आली. २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या आतच एक बसलं आहे. राज्याच्या कृषी विभागानं २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ अ‍ॅप आणलं, त्यात शेतकऱ्याला मराठीतून विचारता येतं. एकांतही मिळाला, भाषाही मिळाली. पण ही यंत्रं बोलतात ती शेवटी कुणीतरी कधीतरी उघड्यावर लिहिलेल्या मजकुरावर. धानाबद्दलचा तो मजकूर मुख्यतः इंग्रजीत आणि दूरच्या मातीवरचा. वैनगंगेकाठचं, माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावरचं धान त्यात क्वचितच भेटतं. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, शहापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हंगामात ग्रुपांवर येणारे पन्नास प्रश्न आणि जाणकारांनी तपासलेली त्यांची उत्तरं, सांगणाऱ्याच्या नावासकट, एका उघड्या मराठी पानावर मांडायला दोन मुलं आणि एक उन्हाळा पुरे. यंदाची रोवणी झाली आहे, पुढच्या खरिपाची पेरणी जूनमध्ये.