काही होत नाही

आमच्या सोलापुराला पाणी गोठण्याचा अनुभव नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, लोक कानटोप्या काढतात. आमचा हिवाळा तेवढाच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अमेरिकेत, मिनेसोटात राहणारा पुतण्या म्हणाला, “काका, चला, तळ्यावर चालून येऊ,” तेव्हा मी आपला ‘तळ्याकाठी’ असेच समजलो.

तो खरोखरच तळ्यावर निघाला होता. बरोबर आठ वर्षांची मुलगी, तिच्या खांद्याला स्केटिंगचे बूट आणि याच्या हातात गिरमिट. सुताराचे असते तसेच, पण कमरेच्याही वर येणारे. थोड्याथोड्या अंतरावर तो बर्फाला भोक पाडी, पट्टी घालून जाडी मोजी आणि मगच पुढे जाई. माणसाने चालायचे तर नवा, स्वच्छ बर्फ निदान चार इंच हवा; पांढरा, भुसभुशीत असेल तर त्याच्या दुप्पट. ओढा येऊन मिळतो तिथे तो पातळ असतो. तिघांच्याही गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे होते. आत पडलोच तर आलो त्याच दिशेला तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले ओझे पेललेले असते. खिळे रोवून वर सरकायचे आणि उभे न राहता आडवे लोळत दूर व्हायचे.

‘आडवे’ म्हणताच मला हिप्परग्याचे तळे आठवले. (कागदोपत्री एकरुख तलाव, १८७१ साली पुरा झालेला.) पन्नासएक वर्षांपूर्वी आम्ही मित्र तिथल्या एका शेतात हुरड्याला गेलो होतो. पाऊस बेताचा झाला होता, पाणी लवकर ओसरले होते आणि उघड्या पडलेल्या गाळावर वाळून पोपडा धरला होता. मी अंगाने हलका. सहज पुढे गेलो. एका मित्राचा धाकटा भाऊ काठावर घुटमळत होता. मी ओरडलो, “अरे ये, काही होत नाही!”

तो आला आणि मांड्यांपर्यंत रुतला. धडपडला तसा कमरेपर्यंत गेला. शेतावरच्या सालगड्याने गेल्या सालच्या कडब्याच्या पेंढ्या गाळावर टाकल्या, त्यांवर पालथा पडून तो सरपटत गेला आणि पोराला ओढून काढले. पुढे कित्येक वर्षे ही हकीकत आम्ही गंमत म्हणून सांगत आलो.

स्वतःच्या हौसेपायी धोका पत्करायचा माणसाला हक्क आहे, असे मी अजूनही मानतो. तेवढीही मुभा नसेल तर खेळ कशाला म्हणायचे? परंतु “ये” म्हणताना मी दुसऱ्याला जामीन राहिलो होतो, आणि तोही खिशात दमडी नसताना. समजा, त्या दिवशी पोपडा टिकला असता, तर? तरीही मी खोटेच बोललो होतो. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगितली होती. पोर रुतले म्हणून ते उघडकीस आले, इतकेच.

पुतण्याला मी विचारले, “आता भीती नाही ना?”

“बर्फाचं तसं सांगता येत नाही, काका. इथं सहा इंच आहे, एवढं सांगतो.”

मला थोडा रागच आला. वडीलधाऱ्याला धीर द्यायचा सोडून हा आकडा सांगतो! मोजमाप करणाऱ्या माणसांचा मला एकंदरीत कंटाळाच आहे. मग ध्यानात आले, की पुढे यायचे की नाही, हे त्याने माझ्यावर सोपवले होते. त्या पोराला मी तेवढीही सवड दिली नव्हती.

मुलगी एव्हाना भोकांच्या ओळीच्या आत घसरू लागली होती. “आजोबा, या ना!”

“सहा इंच ना रे?” मी पुन्हा एकदा विचारले, आणि पाऊल टाकले.