न दिसणाऱ्याचा भरवसा

जुनी फोर बाय फोर गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला जे कळायला हवं असतं, त्यातलं जवळजवळ काहीच डोळ्यांसमोर नसतं. इंजिन आतून किती झिजलंय, गिअरबॉक्समध्ये कधी पाणी गेलं होतं का, आधीच्या मालकानं ती कुठल्या ओढ्यात घातली आणि नंतर तेल बदललं की तसंच चालवलं, हे सगळं पत्र्याआड असतं. समोर असतो तो नवा रंग, विकणाऱ्याचं बोलणं आणि आरसी बुक. आणि जायचं असतं अशा ठिकाणी, जिथं बंद पडलेल्या गाडीला टोचन करायलासुद्धा दुसरी गाडी तासन् तास येत नाही.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं न्यायदर्शन शिकवलं. दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याबद्दल किती आणि कोणत्या आधारानं बोलावं, हा या दर्शनाचा जीव की प्राण असलेला प्रश्न. त्याचं मूळ धार्मिक आहे. स्वर्ग कुणी पाहिलेला नाही, कर्माचं फळ हातात घेऊन दाखवता येत नाही, मग वेद त्याबद्दल सांगतो ते का मानायचं? माझ्या भावाला स्पितीत न्यायचं ठरलं आणि आम्ही जुनी जिप्सी शोधायला लागलो, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे नव्यानं उभा राहिला. या वेळी त्याच्या उत्तरावर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

भाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. स्पितीतल्या लांगझा गावाजवळच्या काळ्या शेलमध्ये अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. एके काळी तिथं समुद्राचा तळ होता आणि आज ते गाव साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. आयुष्यभर त्यानं हे विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवलं. आता त्याचे गुडघे दुखतात, पण दर दोन किलोमीटरला उतरून दगड हातात घ्यायचा हट्ट सुटलेला नाही. असा प्रवास भाड्याच्या गाडीनं होत नाही.

जिप्सीच का, तर ती कळते म्हणून. मारुतीनं ती 1985 साली आणली, 1996 पासून तिला 1298 सीसीचं इंजिन आलं. वजनाला हलकी, वेगळी चासी, चारही चाकांना पाटे, हाय आणि लो असे दोन टप्पे, आणि पुढच्या चाकांवर हातानं फिरवायचे हब. मागच्या बाकावर बसलेल्याची कंबर धरते, हे खरं. नव्या गाड्या हिच्यापेक्षा आरामशीर आहेत, कदाचित कमी बिघडतातही. पण नव्या गाडीत बिघाड झाला की स्कॅनर लावावा लागतो आणि तो सांगेल ते ऐकावं लागतं. जिप्सीच्या बहुतेक दुखण्यांचा आवाज येतो, वास येतो, हाताला काही तरी लागतं. आडवाटेला जाणाऱ्यानं गाडी किती बिघडते यापेक्षा तिचा बिघाड किती लवकर आणि किती साध्या माणसाला कळतो, हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे.

आता धुराकडे येते. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथं अग्नी आहे, हे अनुमानाचं उदाहरण तर्कसंग्रह उघडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतं. सायलेन्सरमागे उभी राहिले तेव्हा तेच उदाहरण माझ्यापुढे होतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत शिरतंय, बहुधा हेडगॅस्केट गेलं. पण धूर नसला तर? धूर नाही म्हणून आग नाही, असं म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी असतो आणि धूर नसतो, हे नैयायिकच सांगतात.

न्यायसूत्रांत अनुमानावर घेतलेला एक आक्षेप मला फार आवडतो. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस पडला असेल, असं आपण म्हणतो. पण पाणी कुठं अडल्यानंही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतात. पण वारूळ मोडल्यानंही त्या निघतात. मोराचा आवाज आला म्हणून मोर आहे म्हणावं, तर तो आवाज माणूसही काढू शकतो. म्हणून, आक्षेप घेणारा म्हणतो, अनुमान हे प्रमाणच, म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधनच, नव्हे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात हा आक्षेप जिवंत होऊन फिरतो. जाडसर ऑइल ओतलं की इंजिनाची खडखड आणि धूर काही दिवस दबतो. तुम्ही पोचायच्या आधी गाडी फिरवून आणली की थंड इंजिनाची तक्रार ऐकूच येत नाही. खालून डांबरासारखा काळा थर मारला की गंज झाकतो. मोर नसताना मोराचा आवाज काढण्याची ही विद्या आहे.

सूत्रकारांचं उत्तर असं, की आक्षेपातली खूण आणि आमची खूण एक नाही. सूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन ते उलगडून सांगतात. नुसतं पाणी वाढलेलं बघून पावसाचं अनुमान करायचंच नाही. प्रवाहाला ओढ किती आहे, फेस आहे का, पाण्याबरोबर फळं, पानं, लाकडं वाहत येताहेत का, हे सगळं बघायचं. खोटं ठरलं ते अनुमान नव्हतं, अपुरं बघणं होतं.

हे बघणं मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडून शिकले. पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा मालक चावी आणायला आत गेला. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच त्यावर हात ठेवला. "बाई, गरम हाय. आत्ताच कुणी तर फिरवून आणलीया." बाकी काही बोलले नाहीत. मग ते खाली सरकले आणि छोट्या हातोडीनं चासी ठोकत गेले. मीही वाकून ऐकत होते. पुढून मागं टण, टण, टण, आणि मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी एकदम आवाज बसला. भद्. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक काळ्या थराखाली घालून किंचित उचकलं, तर पापुद्र्यावर पापुद्रे निघाले आणि बोटाएवढं लोखंड त्यांच्या तळहातावर भुगा होऊन पडलं. गाडी किनाऱ्यावर वापरलेली असावी. वरून ती नव्या नवरीसारखी सजवली होती.

दुसरी गाडी राधानगरीकडची. रंग उन्हानं उडालेला, ताडपत्री दोन ठिकाणी शिवलेली. मालक शेतकरी. आम्ही काही विचारायच्या आधीच तो सांगायला लागला. दुसरा गिअर सकाळी सकाळी जरा अडतो. स्टेअरिंग एका ठरावीक वेगाला थरथरायचं, म्हणून पुढचे किंगपिन बेअरिंग बदलले. एकदा ओढ्यात बंद पडली होती, पाणी दारापर्यंत आलं, तेव्हा पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगचं आणि गिअरबॉक्सचं तेल त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्या ओढ्याबद्दल त्यानं तोंड उघडलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.

मिस्त्रींनी मागच्या हौसिंगचा नट सैल केला. पाणी शिरलेलं तेल दुधट दिसतं. इथं ते स्वच्छ होतं. थंड इंजिन चालू केलं तेव्हा दुसरा गिअर अडला, अगदी त्यानं सांगितला तसाच. किंगपिनला ढिलाई नव्हती. हब 'लॉक'वर सहज फिरले, म्हणजे ते वापरात होते. मोकळ्या रानात लो टाकून सरळ चालवली, पुढची चाकं ओढत होती. चासी नंबर आरसीशी जुळला. तपासण्याजोगं जे जे तो बोलला, ते ते खरं निघालं. मग जे तपासता येत नव्हतं, इंजिन कधीच तापून बंद पडलेलं नाही हे त्याचं म्हणणं, तेही मी मानलं.

मी त्याचं ऐकलं ते सज्जन चेहऱ्याला भुलून नाही. वेदप्रामाण्याबद्दल न्यायसूत्रं जो युक्तिवाद करतात, नेमका तोच मी लावला होता. मंत्र आणि आयुर्वेद यांचं फळ इथंच, याच देहात पडताळता येतं. ते खरं निघतं, कारण सांगणारे आप्त आहेत. मग त्याच आप्तांनी न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल सांगितलं, तर ते का मानू नये? आणि आप्त कोण? वात्स्यायन म्हणतात, ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू पडतं, असंही ते आवर्जून नोंदवतात. वर्गात हे वाक्य शिकवताना माझा आवाज नेहमी थोडा चढायचा. जन्म, वेष, शिक्षण यांतलं काहीही आप्तत्वाच्या आड येत नाही. राधानगरीचा तो शेतकरी आणि आमचे मिस्त्री त्या व्याख्येत पूर्णपणे बसतात.

आपल्याकडे श्रद्धा आणि तपासणी एकमेकींच्या वैरिणी असल्यासारखं बोललं जातं. श्रद्धाळू लोक तपासणीला पाखंड म्हणतात, तपासणारे श्रद्धेला अडाणीपणा. मला दोन्ही पटत नाही. मी ईश्वर मानणारी बाई आहे. गाडी घरी आल्यावर आम्ही चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी मनापासून हात जोडले. पण हातोडीनं चासी ठोकायच्या आधी हात जोडले असते, तर ते देवावर स्वतःचं काम ढकलणं झालं असतं.

तरीही शंका उरतेच. किती उरू द्यायची? मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असतं, बाधक काही सापडेपर्यंत ते मानावं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ज्ञान खरं ठरलं. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, मग ते मृगजळ नव्हतं. इथं माझी खरी पंचाईत होती. ही कसोटी स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीत लागणार असेल, तर तिचा निकाल फार उशिरा हाती येतो. मनालीकडून निघालं की थेट काझ्यापर्यंत पेट्रोलपंप नाही. वाटेतले नाले दुपारनंतर पाऊस नसतानाही फुगतात, कारण वर बर्फ वितळत असतं. त्या नाल्याच्या मधोमध गाडीची परीक्षा घ्यायची नसते.

वाचस्पती मिश्रांनी या अडचणीवर वाट काढली आहे. ओळखीच्या बाबतीत फळ मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. आधी सफल ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचं हे ज्ञान आहे, एवढं दिसलं तरी खात्री करता येते. म्हणून पावसाळाभर आम्ही ती गाडी राधानगरी आणि आंबोलीच्या बाजूला चिखलात, चढावर, पाण्यात फिरवली. बिघडली तरी संध्याकाळी घरी पोचता येईल अशा अंतरावर. क्लचप्लेट घसरायला लागली ती इथंच कळली आणि बदलली.

एक वेळ अशी आली की मी उगाचच नवनव्या शंका काढायला लागले होते. तेव्हा उदयनाचार्य आठवले. न्यायकुसुमांजली हा ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेला ग्रंथ, आणि त्यातच त्यांनी शंकेला हद्द घातली आहे. आपल्याच वागण्याशी विसंगती येईपर्यंतच शंका चालते. भूक लागल्यावर जो जेवायला बसतो, त्यानं अन्नानं भूक भागते की नाही ही शंका धरू नये. दोनेक शतकांनी श्रीहर्षांनी त्यांचेच शब्द उलटवून त्यांच्यावर डाव टाकला, आणि मग गंगेशांनी मिथिलेत त्याला उत्तर दिलं. तो वाद मोठा आहे, इथं नको. मला एवढंच कळलं की माझ्या नंतरच्या शंकांना काही जाणून घ्यायचं नव्हतं. त्यांना भावाला घरी ठेवायचं होतं.

पण सह्याद्री म्हणजे स्पिती नव्हे, ही शंका मात्र खरी आहे आणि ती मी सोडलेली नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तावन्न टक्के असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते. माणसाचंही तेच. भावाची छाती कोल्हापुरात कितीही तपासली, तरी उंचीवर ती कशी वागेल हे इथल्या तपासणीच्या जातीत बसत नाही. म्हणून आम्ही मनालीची वाट सोडली. सिमल्याहून किन्नौरमार्गे जायचं, हळूहळू चढायचं, कल्प्याला मुक्काम, नाकोला मुक्काम, आणि बरोबर आणखी एक गाडी. ताबोला पोचल्यावर गाडी आणि भाऊ दोघांकडे बघून पुढचं ठरवायचं. नाकोचा चढ सोडला, तर परतायची वाट तिथून बहुतांशी उताराची आहे.

ताबोचा मठ 996 सालचा. पुढं काझ्याच्या वर की मठ आहे. दोन्ही आज तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेचे, आणि त्या परंपरेच्या अभ्यासक्रमात अजूनही धर्मकीर्तींचा प्रमाणवार्तिक हा ग्रंथ आहे. धर्मकीर्ती हे आमच्या नैयायिकांचे सर्वांत तिखट प्रतिपक्षी. त्यांनीही हाच प्रश्न घेतला होता. एखादं शास्त्र दिसणाऱ्या आणि अनुमानाच्या टप्प्यातल्या गोष्टींत खरं उतरलं, तर अत्यंत परोक्ष गोष्टींतही त्याचं ऐकावं का? ऐकावं, ते म्हणतात, कारण कृती तर करायचीच आहे आणि दुसरी गती नाही. पण हे निर्दोष अनुमान आहे असं समजू नका, असंही ते लगेच बजावतात. राधानगरीच्या मालकावर मी ठेवलेल्या भरवशाला हा आक्षेप थेट लागतो, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला न्यायग्रंथांत अजून सापडलेलं नाही. भाऊ लांगझ्याच्या शेलवर बसेल तेव्हा मी की मठात जाऊन कुणा शिकवणाऱ्या भिक्षूला गाठणार आहे आणि हे विचारणार आहे.