एक रेघ, शेजारी सही

गेटवेहून सुटलेल्या लाँचवर भाच्याने वरच्या डेकवर दोन जागा धरून ठेवल्या होत्या. एनडीएच्या परीक्षेसाठी त्याने मुंबईत क्लास लावलाय. शनिवारी अलिबागला घरी जातो. लाँचने वेग घेतला आणि गोदीतल्या करड्या युद्धनौका मागे पडू लागल्या. त्यांच्याकडे तो देवळाच्या कळसाकडे बघावं तसा बघत होता. बघता बघता हसून म्हणाला, "मामा, आज सकाळी मजा झाली. पीटीला दोघं आलेच नाहीत. सर म्हणाले, वरून तपासणी आहे, सगळे हजर दाखव. हजेरी माझ्याकडेच असते. 'ए'वर व्हाइटनर फासला, वर 'पी' लिहिला. कुणाला कळलंही नाही."

मी रागावलो नाही. सतरा वर्षांच्या पोरावर भर समुद्रात रागावून करणार काय? मी एवढंच विचारलं, "जहाजावरच्या लॉगबुकात चूक झाली तर काय करतात, माहीत आहे?"

"खोडतात."

"खोडतात, पण व्हाइटनरने नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी आपली सही. म्हणजे चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची, दोन्ही उद्या दिसतं."

तो गप्प झाला. उपदेश त्याला चालत नाही, गोष्ट चालते. म्हणून मी त्याच्याच तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट काढली.

अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म माटुंग्याचा, 1933 सालचा. 1949मध्ये ते सैन्यदलाच्या अकादमीत गेले तेव्हा खडकवासल्याची एनडीए नव्हती; डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउनला शिक्षण व्हायचं. 1953मध्ये ते नौदलात अधिकारी झाले आणि पुढे संदेशवहनात तरबेज झाले. संदेश म्हणजे सिग्नल. या कामाचं एक बरं असतं. दुर्बिणीत दिसलं तेच कळवायचं. कप्तानाला काय ऐकायला आवडेल हे सिग्नलमनने ठरवायचं नसतं.

"आणि लढाई?" भाच्याला तीच हवी होती.

1971ला ते पूर्वेच्या ताफ्यात 'आय.एन.एस. बियास' या फ्रिगेटचे कप्तान होते. विमानवाहू 'विक्रांत'ची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर तुटून पडत होती आणि 'बियास'सारख्या नौकांनी पूर्व पाकिस्तानची समुद्राची वाट अडवून धरली होती. आत रसद येऊ द्यायची नाही, बाहेर माणूस निसटू द्यायचा नाही. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे 93 हजार लोक युद्धकैदी झाले. समुद्र बंद नसता तर त्यांतले किती निसटले असते, कोण सांगणार? रामदासांना वीरचक्र मिळालं.

पुढची चढण भराभर सांगून टाकली, कारण ती बढत्यांची यादी आहे आणि याद्या गोष्टीत रमत नाहीत. नोव्हेंबर 1990मध्ये ते नौदलप्रमुख झाले. नौदल त्यांच्या घरातच होतं: त्यांच्या पत्नी ललिता या अ‍ॅडमिरल रामदास कटारींच्या कन्या, आणि 1958मध्ये नौदलप्रमुख झालेले पहिले भारतीय अधिकारी म्हणजे हे कटारी. सासरे आणि जावई दोघेही त्याच खुर्चीत. रामदासांच्या कारकिर्दीत, 1992मध्ये, नौदलाने वैद्यकीय विभागाबाहेरही बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. 1993च्या सप्टेंबरात ते निवृत्त झाले.

"मग?" भाचा म्हणाला. "रिटायर झाल्यावर काय गोष्ट उरते?"

त्याला वाटतं तसंच बहुतेकांना वाटतं. निवृत्त अ‍ॅडमिरल म्हटला की क्लब, गोल्फ, एखाद्या कंपनीचं संचालकपद. रामदास दांपत्य आलं अलिबाग तालुक्यात, भायमळ्याला. मराठा आरमाराच्या आंग्र्यांच्या मुलखात! आरमाराचा माणूस कान्होजींच्या समाधीच्या गावाजवळ स्थिरावला याचं मला उगाचच बरं वाटतं.

पण रामदास गप्प बसून राहिले नाहीत. ज्या देशाची बंदरं एकदा कोंडली होती, त्याच देशातल्या माणसांशी त्यांनी बोलायला सुरुवात केली. पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमचं काम धरलं. मे 1998मध्ये पोखरणला आणि मग तिकडे चगाईला अणुचाचण्या झाल्या, दोन्हीकडे पेढे वाटले गेले, तेव्हा हा माजी नौदलप्रमुख अणुबॉम्बच्या विरोधात उभा राहिला. लोकांनी वाटेल ते ऐकवलं. खरं सांगायचं तर बॉम्बच्या बाबतीत माझंही त्यांच्याशी पूर्ण पटत नाही. शेजारी असे असताना हातातली काठी टाकून द्यावी, हे माझ्या गळी उतरत नाही. पण त्यांना भित्रा म्हणणाऱ्यांनी 'बियास' आठवावी. 2004मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्याला नाही, लाहोरचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासोबत.

"म्हणजे सरकारविरोधी," भाच्याने निकाल दिला.

हीच तर गंमत. एका बाजूलाच खरं सांगणारे पुष्कळ असतात. रामदास आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. म्हणजे आपल्याच पक्षावर नजर ठेवायची, आपल्याच माणसांविरुद्धच्या तक्रारी तपासायच्या. फेब्रुवारी 2015मध्ये त्या पक्षाने दिल्लीत 70 पैकी 67 जागा जिंकल्या. ढोल वाजत होते. अशा वेळी शहाणा माणूस हार घालतो आणि फोटोत उभा राहतो. रामदासांनी पत्र लिहिलं. वरच्या नेत्यांत दोन तट पडलेत, हे त्यांनी पक्षाला स्पष्ट कळवलं. आपलं जहाज भरधाव चाललेलं असताना 'समोर खडक दिसतोय' असा तो सिग्नल होता. मार्च अखेरीस पक्षाची राष्ट्रीय परिषद भरली. लोकपालांना निरोप गेला की आपण बैठकीला येऊ नये. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी दुसरी माणसं नेमली गेली. तेव्हा त्यांचं वय 81.

"इन्सल्ट झाला ना त्यांचा?" भाचा.

झाला. पण आपण लिहिलेलं मागे घेतलं नाही.

आणि 2019. निवडणुकीच्या प्रचारात पंतप्रधानांनी आरोप केला की राजीव गांधींनी 'आय.एन.एस. विराट' घरच्या सुट्टीसाठी टॅक्सीसारखी वापरली. ज्या काळाबद्दल हा वाद होता, त्या काळात कोचीच्या दक्षिण नौदल विभागाचे प्रमुख रामदास होते. 85 वर्षांचा माणूस, "मला आता काय त्याचं" म्हणून भायमळ्यात कानावर हात ठेवू शकला असता. त्यांनी निवेदन काढलं: राजीव गांधींचा तो दौरा सरकारी होता, 'विराट'वर मेजवान्या झाल्या नाहीत. त्यांच्या म्हणण्याला विरोध करणारेही पुढे आले. असू देत. पण आपल्या वॉचवर जे घडलं त्याची नोंद आपण द्यायची, इतकं साधं त्यांचं गणित होतं. मार्च 2024मध्ये हैदराबादमध्ये ते वारले, नव्वद वर्षांचे असताना.

लाँच मांडव्याच्या जेट्टीला लागत होती. खलाशाने दोर फेकला, पलीकडच्याने झेलून गुंडाळला. माणसं सामान उचलून दाराशी गर्दी करू लागली. भाचा जागचा हलला नाही.

"मामा, पण सरांनीच सांगितलं होतं."

"हो. आणि लिहिलं कोणी?"

तो काही बोलला नाही. जेट्टीवर अलिबागची बस उभी होती. तिकिटातच तिचे पैसे असतात, म्हणून सगळे धावतात. आम्ही दोघं शेवटी उतरलो. चालता चालता त्याने पिशवीतून हजेरीची वही काढली, ते पान उघडलं आणि नखाने व्हाइटनर खरवडून पाहिला. कागद फाटायला लागला. मग त्याने 'पी'वर एक रेघ मारली, शेजारी 'ए' लिहिला, आणि सही केली. दोनदा. माणसं दोन होती.

मग फोन काढून सरांना लावला. रेंज नव्हती. बस सुटायच्या आत त्याने पुन्हा लावला.