अंडं, केळं आणि साउदॅम्प्टनचं बाळ

२०२५ या एकाच वर्षात महाराष्ट्रातल्या शाळांकडे दोन कागद आले. जानेवारीत राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा आणि गोड पदार्थांतल्या साखरेचा पैसा थांबवला. ज्यांना द्यायचंच असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावं, असं वर सुचवलं. मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या शीतपेयात किती साखर असते हे मुलांना दिसावं म्हणून हा फलक, कारण टाइप दोनचा मधुमेह आता कोवळ्या वयातही गाठू लागला आहे. थोडक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराची साखर तिजोरीने काढून घेतली आणि सीबीएसईच्या पोराची साखर त्याच्या भल्यासाठी काढायची आहे. काटकसर आणि काळजी यांचा इतका सुरेख संगम साखर कारखान्यांच्या राज्यातच व्हावा, हेही योग्यच.

याच सुमारास आमच्या भागात एका शहरी डॉक्टरांचं व्याख्यान झालं. माणूस सज्जन, पडद्यावर चित्रं भरपूर. बुलढाण्याकडच्या जानेफळसारख्या गावातली मुलं लहानपणी खुरटतात आणि तीच पुढे तिशी-पस्तिशीत मधुमेह घेऊन दवाखान्यात येतात, हे कोडं त्यांनी मांडलं आणि तिथल्या तिथे सोडवलंही: आईला कळत नाही. ती पोराच्या हातात पाच रुपये ठेवते, पोरगं कुरकुऱ्याचं पाकीट आणतं, ती मोबाइल देते, ते एका जागी बसतं. जीवनशैली सुधारा, असा निरोप. अधूनमधून ‘जागतिक संशोधन सांगतं’ हे पालुपद होतंच. माझा राग या पालुपदावर आहे. कारण ज्या संशोधनाच्या जोरावर ते बोलत होते, त्यातलं सर्वांत मोलाचं काम जगात कुठे नव्हे तर महाराष्ट्रात झालेलं आहे, आणि ते असलं काही सांगत नाही.

खुरटलेपणाचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं उंचीने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. त्याच तक्त्यात जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलेलं आहे. वक्त्यांनी पहिले दोन आकडे कुपोषणाच्या भागात सांगितले आणि तिसरा स्थूलतेच्या. जणू दोन वेगळ्या देशांतली मुलं. दोन्ही एकाच शरीरात वस्तीला असू शकतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली तीस वर्षं सांगत आले आहेत.

याज्ञिकांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, वाचकांनी सोसावं. १९९३ साली त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची मोजमापं घ्यायला सुरुवात केली, आणि तीही दिवस जाण्याच्या आधीपासून. सरासरी आई साधारण बेचाळीस किलो वजनाची आणि पाच फुटांची. तिचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तुलनेला घेतलेलं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं बाळ ३.५ किलोचं. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आमचं बाळ वजनात, दंडात, पोटाच्या घेरात इंग्रज बाळाच्या फार मागे होतं, पण पाठीवरच्या कातडीखालच्या चरबीत थोडंसंच मागे. म्हणजे स्नायू नाहीत, अवयव लहान, आणि चरबी मात्र जपून ठेवलेली. बारीक दिसणारं लठ्ठ बाळ. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. या बाळाने अजून एकही पाकीट फोडलेलं नव्हतं, मोबाइल पाहिलेला नव्हता. त्याची जीवनशैली सुरू व्हायचीच होती.

दुसऱ्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही ठणठणीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकात इतका मिस्कील आणि इतका झोंबणारा मजकूर क्वचितच छापला गेला असेल. ‘आमच्या खेड्यात कुठे लठ्ठ माणसं आहेत?’ असं विचारणाऱ्या पुढाऱ्यांना तो वाचून दाखवावा.

मला यावर एक आक्षेप होता, आणि तो मी बरीच वर्षं जपला. साउदॅम्प्टनचं बाळ माप म्हणून कुणी नेमलं? ही तुलना तिथे गेली कारण जन्माच्या वजनावरून पुढचे आजार ओळखण्याची कल्पना तिथल्या डेव्हिड बार्कर यांची; हर्टफर्डशायरच्या सुईणींनी लिहून ठेवलेल्या जुन्या वजनांतून त्यांनी प्रौढपणीच्या हृदयविकाराचा माग काढला होता. पण म्हणून आमचं मूल नेहमी इंग्रजाच्या शेजारी उभं करून उणं ठरवायचं का? आणि ती सहा गावं पुण्याच्या सावलीतली. आमचं शिवार कोरडवाहू, सोयाबीन-तुरीचं. पुण्याच्या संशोधनाला भारत समजायची पुणेकरांची सवय जुनीच आहे.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग अजून माझ्याकडे आहे, पहिला गळून पडला. उणं ठरवायला नव्हे, तर वजनकाट्याला जे दिसत नाही ते दाखवायला दुसरं बाळ हवं होतं. अंगणवाडीतला काटा फक्त किलो सांगतो. किलो कशाचे, हे विचारायचं तर चिमट्याने चरबी मोजावी लागते आणि कुणाशी तरी ताडून पाहावी लागते.

पण व्याख्यानात ज्याचा मागमूस नव्हता ते पुढेच आहे. याच गावांतल्या गरोदर बायकांच्या आहाराचा आणि कामाचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी धड संबंध लागेना. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी, दुधाशी. आणि दुसरा, अधिक कडू संबंध कामाशी: जी बाई शेतात आणि घरात जास्त राबते, तिचं बाळ लहान. हे वाक्य त्या पडद्यावर एकदा तरी यायला हवं होतं.

आता हे घेऊन आमच्या शिवारात या. घोळ, चिवळ, तरोटा, अंबाडी. यातल्या बऱ्याच भाज्या कुणी पेरत नाही. बायका निंदणाला जात आणि संध्याकाळी पदरात भाजी घेऊन येत. तण काढायचं आणि तेच शिजवायचं. सोयाबीन आलं, त्यामागोमाग तणनाशक आलं. वावर स्वच्छ झालं, निंदणाची मजुरी वाचली आणि धुऱ्यापर्यंतची भाजी जळाली. ज्वारी मागे पडली, तिच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला. प्रथिनांनी भरलेलं सोयाबीन पिकवणाऱ्या तालुक्यातली पोरं वरण-पाण्यावर, कारण सोयाबीन घरी शिजत नाही. ते बाजार समितीत जातं, तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. त्या कोंबड्यांचं अंडं पोराला मिळालं असतं तर वर्तुळ पूर्ण झालं असतं, पण त्याचा पैसा थांबला.

मग ते पाच रुपयांचं पाकीट. मी त्याचा वकील नाही. ते मीठ, तेल आणि पीठ आहे, आणि कंपनीने किंमत बरोबर पोराच्या मुठीएवढी ठेवली आहे. पण आई सकाळी सातला उक्त्या सोंगणीला जाते तेव्हा ती चूल पेटती ठेवून जाऊ शकत नाही. तिला कळत नाही असं नाही. तिच्या वेळेचा भाव वक्त्यांना माहीत नाही, एवढंच.

मधुमेह म्हणजे चैनीचा आजार, हीही एक जुनी सोय आहे. उपासमारीतून होणारा मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये वेगळा प्रकार म्हणून मान्य केला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून यादीतून काढला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप पाच’ म्हणून पुन्हा जागा दिली. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातलं काम मोठं होतं. सव्वीस वर्षं हे बारीक, तरुण रुग्ण कुठल्याही खणात बसत नव्हते. त्यांना जीवनशैली सुधारायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला डाएट सांगणं.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. अडचण याज्ञिकांचीच आहे. आजाराचं मूळ गर्भात आहे असं म्हटलं की बोट पुन्हा आईकडेच जातं, फक्त या वेळी तिच्या हाताऐवजी तिच्या पोटाकडे. पूर्वी सासू म्हणायची, आता शास्त्र म्हणणार. मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. बाळांच्या सरासरी वजनात एकंदर फरक पडला नाही. ज्यांनी किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला त्यांच्यात थोडा पडला, आणि गरोदरपणातला मधुमेह मात्र बराच घटला. म्हणजे नऊ महिन्यांची पळापळ उशिराची आहे. मुलगी शाळेत असतानाच तिच्या ताटाकडे पाहायला हवं. दोष आईचा, हे म्हणणं इथे आपोआप मोडतं, कारण आई तेव्हा चौथीत असते आणि ती काय खाते हे जीआर ठरवतो.

आणि बी-१२ हे जीवनसत्त्व. पुण्याच्या त्या गावांत दोनतृतीयांश गरोदर बायकांत ते कमी होतं. २००८ साली याज्ञिकांच्या गटाने दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. आपल्या आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फोलिक आम्ल असतं ५०० मायक्रोग्रॅम. बी-१२ नसतं. (फोलिक बंद करा असं कुणी म्हणू नये, बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष त्याने टळतात.)

गोळीविषयी माझं मत कडवट होतं. जमीन, पाणी, मजुरी यांना हात लावायचा नसला की सरकार गोळी वाटतं, असं मी मानायचो, आणि त्यात तथ्य आहेच. पण २०१२ पासून पुण्याच्या त्याच मुलामुलींना, ती किशोरवयात आली तेव्हा, रोज बी-१२ देण्याचा प्रयोग झाला. मात्रा फक्त दोन मायक्रोग्रॅम. इतक्या अल्प, इतक्या स्वस्त गोष्टीला केवळ तत्त्व म्हणून नाही म्हणणं मला आता जमत नाही. शिवार पालटायला पिढी लागेल. चौथीतली मुलगी तोवर थांबणार नाही. गोळी द्या, वादही चालू ठेवा.

ताटात काय येतं हे खाणाऱ्याच्या हाती नसतं, याचं एक उदाहरण जवळचंच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरात लोकांचे केस मुठीने गळू लागले. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केस तपासून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर; जस्त कमी असल्याचंही त्यांनी नोंदवलं. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाला, होऊ द्या. पण पंजाब-हरियाणाकडच्या मातीतलं काही बुलढाण्यातल्या ताटात येऊ शकतं, हा प्रश्न ‘तुम्ही केस नीट धूत नाही’ या सल्ल्याच्या पलीकडचा आहे, आणि तो एका महाडच्या डॉक्टराने स्वतःहून विचारला.

राहिलं अंडं. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने आठवड्यातून एक अंडं देऊ केलं तेव्हा वारकरी संघटनांनी विरोध केला. न खाणाऱ्यांसाठी केळं होतंच. माळकऱ्यांच्या भावनेशी माझं भांडण नाही. आमच्या गावातले अर्धे दाते माळकरीच आहेत आणि लोकसहभागाची वही त्यांच्याकडेच जाणार. पण केळ्यात बी-१२ नसतं. ते अंड्याच्या जागी ठेवणारा माणूस आकारमान पाहत होता. शाकाहारी पर्याय दुधाचा आहे. रोज दूध घेतल्यावर शाकाहारी तरुणांचं बी-१२ वाढतं, हे पुण्याच्या त्याच गटाने दाखवलेलं आहे, आणि दुधाला कुठल्या महाराजांची हरकत असेल असं वाटत नाही. तेव्हा संघटनांनी पुढचं निवेदन दुधासाठी द्यावं. मी सही करीन. फक्त दूध पश्चिम महाराष्ट्राइतकं विदर्भात होत नाही आणि जे होतं ते पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जातं. तेव्हा शाळेपर्यंत ते आणण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा, हे अंड्याचा पैसा थांबवणाऱ्या खात्यानेच पुढच्या जीआरमध्ये लिहावं.