संशयाची बाजू

प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार चालू असताना रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, एसजीओटी हे यकृताचे आकडे वाढलेले आले, की घरात दोन निष्कर्ष लगेच काढले जातात. रोग लिव्हरमध्ये पोचला, हा एक. आणि भोग सरले नव्हते, प्रारब्धच तसं, हा दुसरा. एक वैद्यकाचा वाटतो, दुसरा धर्माचा, पण घाई दोघांची सारखीच. आकड्याने जे सांगितलेलंच नाही ते त्याच्या तोंडी घातलं जातं. अशा वेळी संशयात थांबणं ही श्रद्धेतली उणीव नाही, ते कर्तव्य आहे, असं मला वाटतं.

न्यायदर्शनाने आपल्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र स्थान दिलं, कारण त्याच्यावाचून शोध सुरूच होत नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला सरपण ओलं असावं लागतं. या दडलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. रोग यकृतात पसरला तर हे आकडे वाढू शकतात. आकडे वाढले म्हणून रोग पसरलाच, असं ठरत नाही. हा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसतो हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवलं, आणि तेव्हापासून ते हार्मोन रोखणं हा उपचाराचा कणा झाला. पण त्यासाठी दिली जाणारी फ्लुटामाइड, बायकॅल्युटामाइड, अबिराटेरोन ही औषधंच यकृताला इजा करू शकतात. म्हणून अबिराटेरोन सुरू केल्यावर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे दरमहा रक्त तपासतात. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या पाचपटीवर गेलं तर गोळी थांबवतात, आणि पुष्कळदा आकडे उतरतातही. त्याच रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज तर हाडांतूनही येतं, आणि हा रोग पसरला तर बहुधा हाडांतच आधी जातो.

यावर कोणी गीतेच्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवेल: संशयी माणसाला तिथे विनाशच सांगितला आहे. खरं आहे. पण त्याच अध्यायात, त्याआधी सहाच श्लोक, ज्ञानासाठी परिप्रश्न करायला सांगितलं आहे, आणि शेवटी संशय छेदायला जी तलवार दिली आहे ती ज्ञानाची आहे. निंदा आहे ती विचारायचं सोडून संशयातच रुतून बसणाऱ्याची. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. प्रारब्ध म्हटल्याने थकलेल्या माणसाला शांती मिळते, ती का हिरावायची? हिरावू नयेच. मात्र कर्मसिद्धांत मानणाऱ्यालाही क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून होणारं, कर्म मानावं लागतं, आणि संशय आलेली गोळी डॉक्टरांना विचारून थांबवणं हे क्रियमाणच आहे. सोनोग्राफीत, सीटी स्कॅनमध्ये यकृतावर खरोखरच गाठी दिसल्या, तर स्वीकाराची भाषा तिथे शोभेल, आणि तिची गरजही असेल. त्याआधी विचारायच्या गोष्टी बऱ्याच असतात: हेपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, दारू घेतली जाते का, आणि कोणी मायेने गुळवेलीचा काढा सुरू केला आहे का, कारण गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला झालेली इजा २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवली आहे.