बलकाचा रंग आणि दिङ्नागाची कसोटी

कोंबडीला पिवळा रंग स्वतः तयार करता येत नाही. अंडं फोडल्यावर वाटीत उतरणारा केशरी-पिवळा बलक पाहिला की तो तिचाच गुण वाटतो. पण त्यातला रंगाचा कण न् कण तिने चोचीने टिपलेल्या दाण्यातून, पाल्यातून किंवा पोत्यातल्या खाद्यातून आलेला असतो. या रंगद्रव्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. ती घडवतात वनस्पती, शेवाळ, बुरशी आणि काही जिवाणू. कोंबडी ती आयती घेते, अंगात साठवते आणि बलकात उतरवते.

अजिंठ्याच्या परिसरात ही रंगद्रव्यं शेतात उभी असतात. अजिंठा गाव ज्या सिल्लोड तालुक्यात आहे, तो मक्याचा आणि मिरचीचा तालुका. पिवळ्या मक्यातल्या ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन या द्रव्यांनी बलक पिवळा होतो. लाल मिरचीतल्या कॅप्सँथिनने त्यालाच नारिंगी झाक येते. दसऱ्याला दारावर तोरण होऊन बसणारा झेंडू तर ल्युटीनचं कोठारच आहे. त्याच्या पाकळ्यांचा अर्क काढून तो जगभर कोंबड्यांच्या खाद्यात मिसळला जातो. लसूणघासानेही बलक रंगतो. ज्वारी, गहू, तुकडा तांदूळ, पांढरा मका यांत मात्र ही द्रव्यं फार थोडी असतात, आणि त्यांच्यावर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिकट निघतो.

व्यावसायिक पोल्ट्रीत हा रंग योगायोगावर सोडत नाहीत. झेंडूचा किंवा मिरचीचा अर्क, नाहीतर कारखान्यात बनवलेलं कॅन्थाझँथिन, खाद्यात मोजून घातलं जातं. रंग मोजायला स्विस कंपनी रोशने एक पंखाच तयार केला. फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत पंधरा पट्ट्यांचा हा पंखा बलकाशेजारी धरायचा आणि जुळणाऱ्या पट्टीचा आकडा लिहायचा. बलक वाढण्याचा शेवटचा वेगवान टप्पा साधारण दहा दिवसांचा असतो आणि तो थरावर थर चढत वाढतो. त्यामुळे आज खाद्य बदललं की आठवडा-दीड आठवड्यात बलकाचा रंगही बदललेला असतो.

इथे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. असा ठरवून आणलेला रंग खरा मानायचा की खोटा? गिऱ्हाईक गडद बलक पाहून दोन पैसे जास्त मोजतं. त्याच्या मनात असतं, कोंबडी मोकळी फिरली असेल, अंडं जास्त कसदार असेल. रंग विकणारा त्याला फसवतो आहे का? सत्य आणि दिसणं यांच्या नात्याचा हा प्रश्न आहे, आणि त्याचं सर्वांत नेमकं उत्तर ज्या आचार्याने दिलं, त्याचं नाव अजिंठ्याशी जोडलेलं आहे.

सातव्या शतकात चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या एका मठाचं वर्णन त्याने केलं आहे, आणि तो मठ म्हणजे अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. बौद्ध आचार्य दिङ्नाग तिथे वास्तव्य करत, असंही त्याच वर्णनात आहे. दिङ्नागाचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या संधीवरचा, म्हणजे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात वाघोरा नदीच्या त्या नालाकृती कड्यात चित्रलेण्यांची दुसरी मोठी लाट येऊन गेली, त्याच्या लगतचा. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड आणि दूरवरून आणलेला लाजवर्द अशा रंगांनी भिंती बोलू लागल्या होत्या. त्याच परंपरेतला हा तर्कपंडित डोळ्यांनी नेमकं काय कळतं, याचा विचार करत होता.

दिङ्नागाने ज्ञानाची दोनच साधनं मानली: प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्ष म्हणजे मनाने काहीही जोडण्याआधीचं निखळ दिसणं. नाव, जात, गुण ही सगळी जोड मनाची. ही रेघ बलकाला लावली, तर डोळ्यांना दिसतो तो केवळ एक रंग. ‘कसदार’, ‘गावरान’, ‘रानात चरलेली’ हे सगळं अनुमान आहे. अनुमान करण्यात काही गैर नाही, पण ते ज्या खुणेवर उभं आहे, ती खूण तीन अटींवर टिकली पाहिजे. ज्याबद्दल बोलतो आहोत, तिथे ती असली पाहिजे. जिथे सिद्ध करायची गोष्ट नक्की आहे, अशा इतर ठिकाणीही ती आढळली पाहिजे. आणि जिथे ती गोष्ट नाही, तिथे ती खूण अजिबात दिसता कामा नये. धुरावरून आग ओळखता येते, ती तिसऱ्या अटीमुळे: आग नाही तिथे धूर नाही. ‘हेतुचक्र’ या छोट्याशा ग्रंथात दिङ्नागाने खुणांच्या नऊ शक्यता मांडल्या आणि त्यांतल्या दोनच ग्राह्य ठरवल्या.

गडद बलक ही ‘गावरान’पणाची खूण म्हणून तपासली, तर ती तिसऱ्या अटीवर कोसळते. चाळीस हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये, पिंजऱ्यात उभा जन्म काढणाऱ्या कोंबडीला झेंडूचा अर्क दिला, की तिचाही बलक केशरी होतो. फिकट बलकावरून ‘गावरान नाही’ असं उलटं अनुमानही काढता येत नाही. मराठवाड्यात वैशाखात रान करपलेलं असतं, हिरवा पाला दिसत नाही, अंगणातल्या कोंबडीपुढे ज्वारीचे दाणे पडतात. ती अस्सल गावरान असते, मोकळी असते, आणि तरी तिचा बलक फिकट निघतो.

‘कसदार’पणाची खूण म्हणून तपासलं, तर निकाल अर्धा लागतो. रंग गडद झाला म्हणून अंड्यातली प्रथिनं वाढत नाहीत. जीवनसत्त्व अ सुद्धा या रंगावरून सांगता येत नाही. ज्या बीटा-कॅरोटिनपासून ते तयार होतं, त्याचा फारच थोडा भाग बलकात रंग म्हणून उतरतो. कोंबडीचं शरीर त्याचं बरंचसं रूपांतर आधीच करून टाकतं. पण ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन यांची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर, सर्वांत बारीक दृष्टी जिथे असते त्या पीतबिंदूत, हीच दोन द्रव्यं साठतात. निळा प्रकाश ती शोषून घेतात. बलकातल्या स्निग्धांशामुळे ती आतड्यात सहज शोषली जातात. ल्युटीन वाढवलेल्या अंड्यातून ते पालकापेक्षा अधिक प्रमाणात रक्तात पोचतं, असं बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. मात्र साध्या अंड्यात ही दोन्ही मिळून साधारण पाव मिलिग्रॅमच असतात. डोळ्यांच्या विकारावरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज नुसतं ल्युटीनच दहा मिलिग्रॅम दिलं होतं. म्हणजे फायदा खरा आहे, पण औषधाच्या तोडीचा नाही. शिवाय पिवळेपणातून मिळणारा हा फायदा कॅन्थाझँथिनने आणलेल्या नारिंगी झाकेला लागू होत नाही. त्वचा सावळी दिसावी म्हणून ज्यांनी कॅन्थाझँथिनच्या गोळ्या भरमसाट घेतल्या, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याचे स्फटिक आढळले. म्हणून युरोपीय संघाने २००३ मध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातली त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅमवरून ८ वर आणली.

मग बलकाचा रंग नेमकी कशाची साक्ष देतो? एकाच गोष्टीची: या कोंबडीने गेल्या काही दिवसांत रंगद्रव्य असलेलं काहीतरी खाल्लं. एवढ्यापुरती ही खूण तिन्ही अटींवर टिकते आणि एवढ्यापुरता तो रंग खरा आहे. मक्यातून आलेलं ल्युटीन आणि झेंडूच्या अर्कातून आलेलं ल्युटीन हे एकच द्रव्य असतं. रंग खोटा नसतो. खोटं ठरतं ते त्यावर चढवलेलं अनुमान, आणि विक्रेता जाणूनबुजून ते अनुमान ग्राहकाच्या मनात पेरत असेल, तर दोष त्याच्या पदरी जातो.

कोंबडीच्या बाजूनेही या रंगाकडे पाहायला हवं. निसर्गाने बलक माणसाच्या नाश्त्यासाठी रंगवलेला नाही. त्यातली कॅरोटिनॉइडं गर्भाच्या ऊतींत जातात आणि कवच फोडून पहिला श्वास घेताना प्राणवायूच्या माऱ्यापासून पिल्लाला जपायला हातभार लावतात. म्हणून पिल्लांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात ती असणं अधिक अर्थपूर्ण आहे. पिवळ्या कातडीची कोंबडी अंड्यावर आली, की ही द्रव्यं तिच्या अंगाकडे न जाता बलकाकडे वळतात. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्यांची कड, कानाची पाळी, चोच आणि काही महिन्यांनी पाय. अनुभवी पोल्ट्रीवाले पायांकडे पाहून कोंबडी किती काळ अंडी देते आहे ते सांगत. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परततो. ही पिवळी कातडीही बहुतांशी आपल्याच भूमीची देणगी आहे: सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून तिचं जनुक पाळीव कोंबडीत आलं, असं २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हंसजातक रंगवलं आहे. राणी खेमेला स्वप्नात धर्म सांगणारा सोनेरी हंस दिसतो, आणि राजा तो आणवण्यासाठी तळं बांधतो, पारधी नेमतो. हंसांचा राजा फासात अडकतो. त्याचा सेनापती सुमुख त्याला सोडून जात नाही, आणि ते पाहून पारध्याचंच मन पालटतं. माणसाला एका रंगाची ओढ लागते आणि तिची किंमत पक्षी मोजतो, हे त्या चित्रकारांना चांगलं ठाऊक होतं. राजाने हंसाचं बोलणं ऐकलं आणि त्याला मोकळं केलं. आजच्या कोंबडीशी असं बोलणं होत नाही. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर आकाराचा कागद ६२० हून मोठा असतो. युरोपीय संघाने असे पिंजरे २०१२ पासून बंद केले. भारताच्या विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात याच प्रश्नाकडे लक्ष वेधलं. शेडमधले केशरी बलक या जागेबद्दल काहीच सांगत नाहीत.

अंडं खावं की नाही, याबद्दल महाराष्ट्रात एकमत नाही, आणि प्रत्येक बाजूला विचार आहे. जैन परंपरा निर्जीव म्हटलेलं अंडंही वर्ज्य मानते. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात दूध घेणाऱ्याला अफल अंड्याची हरकत नसावी, असं मत मांडलं. त्या मतात एक गोष्ट सुटते: अंड्याच्या कोंबड्या जिथे उबवल्या जातात, तिथे निघणारी नर पिल्लं जन्मताच मारली जातात. १९५० मध्ये अजिंठ्याच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असा भेद केला. नियम हात बांधतो. तत्त्व माणसाला गरज आणि हौस यांतला फरक स्वतः करायला लावतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळकरी मुलांना आठवड्याला एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला गेला. ज्या मुलाच्या ताटात दुसरं चांगलं प्रथिन नाही, त्याच्यासाठी ते अंडं गरज होतं. शहरी ग्राहकाला बलक बाराव्या पट्टीऐवजी चौदाव्या पट्टीचा हवा असणं ही हौस आहे.

म्हणून कॅरोटिनॉइडयुक्त खाद्य वापरणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला दोष देण्याचं कारण नाही. झेंडूचा अर्क घातला असेल, तर अंड्याच्या खोक्यावर तसं लिहावं. कॅन्थाझँथिन असेल, तर तेही. आणि शेजारच्या ओळीत कोंबडी पिंजऱ्यात होती, शेडच्या जमिनीवर होती की मोकळी होती, ते छापावं. सिल्लोडला मका आणि मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यातून आपल्या मालाचं नाव सांगून भाव मागता येईल. गिऱ्हाईकाला मग आहाराची आणि जागेची माहिती वेगवेगळी मिळेल, आणि तो आपल्या गरजेनुसार, आपल्या धर्मविचारानुसार ठरवू शकेल.