गोठा, मोंढा आणि बातमी : देवणीतील घरचे व्यवहार व राजकारण

लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील देवणी तालुक्यात राजकीय बातमीवरची प्रतिक्रिया सभेच्या गर्दीत किंवा घोषणांत कमी सापडते, घरच्या व्यवहारात जास्त. सोयाबीन विकायचे की ठेवायचे, बैलजोडी सांभाळायची की मोडायची, मुलाला उदगीरला शिकवायचे की लातूरला, असे निर्णय घेताना दिल्ली-मुंबईची बातमी नेमकी वापरली जाते. निवडणुकीच्या विश्लेषणात हा थर सहसा येत नाही. लोकमत म्हणजे मतदान आणि मतदान म्हणजे लाट, एवढ्यावर ते थांबते. मधली पाच वर्षे लोक बातम्यांना रोज उत्तर देत असतात, आणि ते उत्तर मतापेक्षा कितीतरी तपशीलवार असते.

तालुका लहान, शेतीवर उभा आणि कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला लागून आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होते. पुढे ते उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात आले. देवणी हा स्वतंत्र तालुका त्यानंतरचा, मूळ उदगीरमधून निघालेला. बिदरशी असलेल्या या जुन्या नात्यामुळे सोयरिकी आजही तिकडच्या भालकी, औरादपर्यंत जातात. मराठी, कन्नड आणि दखनी या तीनही बोली बाजारात कानावर पडतात. ज्येष्ठ पौर्णिमेची कारहुणवी आणि मार्गशीर्ष अमावास्येची येळवस हे इथले शेतीचे मोठे सण आहेत. येळवसेला सगळे गाव शिवारात असते. कडब्याच्या कोपीत पूजा झाली की भज्जी, उंडे आणि अंबील यांच्या पंगती बसतात. शहरातून आलेली मुले, भाऊबंद आणि शेजारचे वाटेकरी एकत्र जेवतात, आणि वर्षभरातील राजकारणाची खरी उजळणी त्या पंगतीतच होते.

या तालुक्याचे नाव देशभर पोचवले ते गोवंशाने. देवणी जातीचे जनावर दुहेरी उपयोगाचे आहे : गाय दुधाला बरी, बैल ओढकामाला दमदार. पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा तो वानेरा, संपूर्ण पांढरा तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा, असे तीन प्रकार पशुपालक ओळखतात. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून ही जात घडली असे पशुशास्त्रज्ञ मानतात. ती टिकली मात्र शेतकऱ्याच्या व्यवहारामुळे. गोऱ्हा घ्यायचा, शिकवायचा, काही वर्षे औताला जुंपायचा, भर उमेदीत असताना विकून त्या पैशांत थोडी भर घालून नवी जोडी आणायची, अशी ही साखळी होती. हाळी हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची यात्रा या साखळीवरच भरत आल्या. साखळीच्या शेवटी थकलेला बैल होता. तोही काही किंमत देऊन जाई.

मार्च 2015 मध्ये महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण सुधारणा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. विधिमंडळाने हे विधेयक 1995 मध्येच संमत केले होते. गायींची कत्तल तर 1976 च्या कायद्याने आधीच बंद होती. नव्या तरतुदीत पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शहरांतील चर्चा आहार, धर्म आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांभोवती फिरली. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, त्यावरही बरेच लिहिले गेले. देवणीच्या गोठ्यात प्रश्न वेगळा होता. म्हाताऱ्या बैलाची किंमत गेली म्हणजे तरण्या बैलाच्या किमतीचा आधारही गेला. विकता न येणाऱ्या जनावराला वैरण घालायची ती कुठून, हा पुढचा प्रश्न. वैरण आधीच आटत होती, कारण ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली होती. ज्वारी कडबा देते, सोयाबीनचे भुसकट त्याची बरोबरी करू शकत नाही. त्यात ट्रॅक्टर भाड्याने सहज मिळू लागला.

सीमेपलीकडे तेव्हा वेगळा कायदा होता. कर्नाटकच्या 1964 च्या कायद्यात बारा वर्षांवरील किंवा निकामी बैलाला परवानगीने कत्तलीची मुभा होती. ती 2021 च्या सुरुवातीला अमलात आलेल्या नव्या कायद्याने संपली. मधल्या काळात एकाच जातीच्या, एकाच माळावर चरणाऱ्या जनावरांना दोन राज्यांत दोन भवितव्ये होती. 2025 च्या पावसाळ्यात वाटेतील अडवणूक आणि मारहाण यांना कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, तेव्हा मराठवाड्यातील अनेक जनावरांचे बाजार थंडावले आणि शेतकरी संघटनांनीही व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. ही घटना महत्त्वाची आहे. शेतकरी आणि खाटीक यांच्यातील व्यवहार धर्माच्या पलीकडचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा होता आणि तो तुटल्याची झळ दोघांनाही सारखी बसली. देवणी गायीच्या संवर्धनाची भाषणे होतात, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था अभ्यासही करतात. पण ही जात वाचवायची असेल तर बैलाला बाजारात किंमत राहिली पाहिजे, हे उघडपणे म्हणणारा लोकप्रतिनिधी मिळणे कठीण झाले आहे.

गोठ्याकडून मोंढ्याकडे वळले की बातमी आणखी वेगाने पोचते. उदगीर आणि लातूरच्या मोंढ्यातील भाव सौदा संपताच मोबाइलवर गावात येतात. लातूर ही सोयाबीन आणि डाळींची राज्यातील मोठी बाजारपेठ. या पिकाचा भाव मात्र पामतेल पिकवणाऱ्या इंडोनेशिया-मलेशियात, सोयातेल पाठवणाऱ्या अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये आणि आयातशुल्क ठरवणाऱ्या दिल्लीत घडतो. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले. कोंबडीखाद्याचे कारखाने अडचणीत आल्याने केंद्राने ऑगस्टमध्ये जनुकबदल केलेल्या सोयापेंडीच्या 12 लाख टन आयातीला परवानगी दिली. त्याच वर्षी खाद्यतेलावरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवले गेले आणि 20 डिसेंबरला सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले. हे तीनही निर्णय महागाईच्या बातम्या म्हणून छापले गेले. देवणीत ते भावाच्या बातम्या म्हणून वाचले गेले. शहरातील वाचकाचा तेलाचा डबा आणि इथल्या शेतकऱ्याचा कट्टा यांचे हित एकाच निर्णयात आमनेसामने येते. सरकारे बहुतेक वेळा डब्याच्या बाजूने उभी राहिली आहेत, आणि हा अन्याय आहे.

दहा हजारांचा आकडा पुढची दोन-तीन वर्षे घरांत मुक्कामाला राहिला. तो भाव पुन्हा येईल या आशेने अनेकांनी माल ठेवला. घराच्या पुढच्या खोलीत कट्ट्यांची थप्पी, वर ताडपत्री, घुशी-उंदरांचा त्रास, आणि दुसरीकडे बँकेचे पीककर्ज थकत चाललेले. 2024-25 च्या हंगामासाठी हमीभाव 4,892 रुपये होता, बाजारभाव त्याच्या बराच खाली. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्के केले. निवडणुकीच्या प्रचारात सहा हजार आणि सात हजार रुपयांची आश्वासने दिली गेली. हमीभाव केंद्रांवर बारा टक्के ओलाव्याची अट आडवी येत होती, ती नोव्हेंबरात पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली. मे 2025 च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, तेच कच्च्या तेलावरचे शुल्क उतरवून 10 टक्क्यांवर आणले गेले. पहिल्या बातमीच्या वेळी प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या, दुसऱ्या वेळी बियाणे-खतांची जुळवाजुळव चालली होती. दुसऱ्या निर्णयाविरुद्ध मोठा आवाज उठला नाही, यावरून तो मान्य झाला असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पेरणीच्या दिवसांत मोर्चाला जायला कोणाला सवड नसते. त्या प्रतिक्रियेचे रूप वेगळे असते : एखादा एकर सोयाबीनऐवजी तुरीकडे किंवा उसाकडे जातो, किंवा गुढीपाडव्याला ठेवलेला सालगडी पुढच्या वर्षी ठेवला जात नाही.

घराच्या आतल्या हिशेबावर सर्वांत थेट परिणाम करणारी अलीकडची बातमी म्हणजे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. जुलै 2024 पासून 21 ते 65 वर्षे वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील महिलांसाठी दरमहा 1,500 रुपये देण्याची ही योजना. पहिले दोन हप्ते ऑगस्टच्या मध्यात, राखीपौर्णिमेच्या आधी खात्यात पडले. योजनेने मते फिरवली का, यावर राज्यभर वाद झाला. त्यापेक्षा घरातला बदल अधिक टिकणारा आहे. पीएम किसानचा हप्ता सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातो, म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाच्या. खुरपणीला जाणाऱ्या बाईची मजुरीही घरखर्चात विरघळून जाते. स्वतःच्या नावावर, ठरलेल्या महिन्याला येणारी रक्कम अनेकींसाठी पहिलीच होती. बचतगटाचा हप्ता, मुलीची फी, माहेरचा आहेर यांसाठी विचारणा करावी लागण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले. 1,500 चे 2,100 करण्याचे आश्वासन निवडणुकीनंतर पाळले गेले नाही. 2025 मध्ये पात्रतेची फेरतपासणी आणि ई-केवायसी सुरू झाली. तेव्हा पोर्टल उघडेना, ओटीपी येईना आणि सेवा केंद्रासमोर मजुरीचा दिवस बुडवून थांबावे लागे. मजुरीवर जगणाऱ्या बाईचे योजनेविषयीचे मत अशा रांगेतही घडत असते.

आरक्षणाच्या बातम्यांना मात्र पैशात मोजता येत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीतील लाठीमारानंतर मराठा आंदोलन पेटले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळातील कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि उर्दू-मोडीतील जुन्या दफ्तरांना एकाएकी मोल आले. 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करून ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरील समिती नेमली. राज्याचा सर्वांत तापलेला वाद असा एका गावाच्या तीन कर्मचाऱ्यांपुढे आला. मराठा घरांत ही मुलांच्या प्रवेशाची आणि भरतीची आशा होती. धनगर, माळी, वंजारी आणि इतर ओबीसी घरांत त्याच मुलांच्या वयाच्या मुलांसाठी तीच बातमी धास्तीची ठरली. दोन्ही घरांचे बांध लागून असतात, औत-बैल उसने जातात, पेरणीला सावड होते. म्हणून या विषयावर लोक आपापल्या बैठकीत भरपूर आणि चारचौघांत जपून बोलतात. या गप्प राहण्याला भीतीपेक्षा शेजार सांभाळण्याची बुद्धी अधिक कारणीभूत आहे. तिचा आदर व्हायला हवा. मोबाइलवरचे गट मात्र जातीनिहाय वेगळे झाले आहेत, आणि तिथे ही बुद्धी टिकवणे दिवसेंदिवस अवघड जाते आहे.

व्यवहारातून बातमी तपासण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहे. जी बातमी कोणत्याच पासबुकात किंवा पावतीवर उमटत नाही, ती निसटून जाते. राज्यघटनेत 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 371 जे मुळे बिदरसह जुन्या हैदराबाद राज्यातील कन्नड जिल्ह्यांना स्थानिकांसाठी नोकऱ्या आणि प्रवेशांत राखीव जागा मिळाल्या, विकासासाठी स्वतंत्र मंडळ मिळाले. मराठवाड्यासाठी कलम 371 (2) खाली 1994 मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. टाळेबंदीचे ते दिवस होते. हैदराबाद-पुण्याहून पायी परतणाऱ्या माणसांची काळजी सगळ्यांना होती, मंडळाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अनुशेषाचा हिशेब मागण्याचे ते एक घटनात्मक साधन होते. भालकीच्या सोयऱ्याच्या मुलाला स्थानिक कोट्यातून जागा मिळाल्याचे लग्नाच्या मांडवात कळते, तेव्हा देवणीतील बाप दोन्ही मुलांचे गुण ताडून पाहतो आणि आपल्या मुलासाठी लातूरच्या शिकवणीच्या फीची जुळणी करायला लागतो. ते मंडळ गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत कोणी नेलेलीच नसते.